कौलेश्वराचा उजवा खांदा

रविवारी सकाळी सात वाजता चकाल्याच्या बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीपुढे एवढी रांग लागली होती की परक्या माणसाला वाटावं, रेशनवर पामतेल आलंय. पण या रांगेत कुणाच्या हातात डबा नव्हता. हातात नारळ, पाच अगरबत्त्या आणि अकरा रुपयांचं पाकीट होतं, आणि डोक्यात एकच प्रश्न होता. पैसे कुठे ठेवू?

आत पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला देव तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचा. लग्न, मूलबाळ, दुखणंखुपणं असल्या किरकोळ भानगडीत तो पडत नसे. ज्यांना फंड मिळालाय, ग्रॅच्युइटी मिळालीय, ज्यांनी गावची जमीन विकलीय, अशांनी यावं आणि कौल घ्यावा. देवाचं नाव श्री देव कौलेश्वर. कोकणातल्या कुठल्या गावचा हा देव, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर धोंडिरामबुवा डोळे मिटून म्हणायचे, "जो सगळ्या गावांचो, तेका गाव कसलो?" आणि विचारणारा आपल्या अज्ञानाने ओशाळून जायचा.

रांगेत तेविसाव्या नंबरावर काशीराम उभा होता. चोवीस वर्षं परळच्या एका गिरणीत, सायझिंग खात्यात काढलेला माणूस. कापड विणण्याआधी सुताला कांजी लावायची आणि ते ओलं सूत वाफेने तापलेल्या सिलिंडरांवरून सुकवून काढायचं, असं ते खातं. संपाला दोन वर्षं उलटून गेली तरी गिरणीने त्याला पुन्हा आत घेतलं नाही. शेवटी त्याने राजीनाम्यावर सही केली आणि फंड, ग्रॅच्युइटी मिळून एकवीस हजार रुपये घरी आणले. आता तो मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होता. तिथला पगार महिन्याच्या पंचवीस तारखेलाच संपायचा. तेव्हा ते एकवीस हजार म्हणजे त्याची चोवीस वर्षं आणि बारा वर्षांच्या लेकीचं, कमलचं, पुढचं शिक्षण, दोन्ही होतं. ते गेले असते तर परत मिळवायला ना गिरणी होती, ना अंगात तेवढा जोर.

शेडच्या टोकाला लाकडी फळ्यांच्या आडभिंतीत कोनाडा केला होता. त्यात कमरेएवढी काळीकुळकुळीत मूर्ती. तेल लावून चकचकीत केलेली, चांदीचे डोळे, भरघोस मिशा. पुढे दोन हातांवर दोरी बांधलेली. दोरीच्या आत फक्त दोघांनी जायचं. एक धोंडिरामबुवा, ते देवापुढे घोंगडी अंथरलेल्या रुंद पाटावर बसत. दुसरा जयवंत. हा देवाच्या कल्याण भांडार नावाच्या ठेव योजनेचा सेक्रेटरी. अंगात सफारी, खिशाला दोन पेनं, कपाळाला बोटभर गंध, म्हणजे बँक आणि देऊळ दोन्ही एकाच माणसात.

काशीरामची पाळी आली. बुवांनी तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या, एक देवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवली, एक डाव्यावर. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ही रीत काशीरामला लहानपणापासून माहीत होती. गावच्या देवळात पेरणीचा, लग्नाचा, विहीर खणायचा कौल असाच लावायचे. म्हणून तर तो इथे आला होता. त्याचा धोंडिरामबुवांवर नव्हे, त्या दोन पाकळ्यांवर भरवसा होता.

बुवांनी पाटावर मांडी ठाकठीक केली, गुडघे जरा हलवले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा कौलेश्वरा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खी शेड ओरडली.

"आज ह्यो तुझो लेकरू काशीराम तुझ्या पायाकडे इलो हा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेणा चोवीस वर्सां गिरणीत हाडां झिजवली, आणि एकवीस हजार घेवन इलो. ते पैशे तेणी बँकेत ठेवचे काय? ठेवचे आसात तर उजवो दी, नाय तर डावो दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"बँकेतल्या सायबाची, इनकमटॅक्साची, महागाईची, आणि शेजाऱ्यापाजाऱ्याची जी काय वायट नजर ह्या पैशार आसात, ती सात समुद्रापलीकडे टाक रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गाऱ्हाणं लांबत गेलं. बुवांनी काशीरामच्या सासरच्या भुतांना शांत केलं, रिझर्व्ह बँकेला सद्बुद्धी मागितली, सोन्याचा भाव आणि मालवणचा समुद्र दोन्ही आटोक्यात ठेवायला सांगितलं. तीनेक मिनिटं झाली आणि डावी पाकळी टपकन खाली आली. बँक बाद!

लोकांनी हात जोडले. जयवंतने माठातलं गार पाणी तांब्या तांब्याने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओतलं. प्रत्येक कौलानंतर देवाला असा अभिषेक लागायचा, कारण उत्तर देऊन देव दमतो, असं तो समजावून सांगे. पुन्हा पाकळ्या लागल्या. पोस्टात ठेवायचे का? पुन्हा डावी. पुन्हा अभिषेक. मग बुवांचा आवाज मऊ झाला. "तुझ्याच घरात, म्हाराजा, तुझ्या कल्याण भांडारात हे पैशे ठेवचे काय?" या वेळी गाऱ्हाणं जरा लांबलं, आणि उजवी पाकळी सुटली.

जयवंतने ती पितळी ताटलीत झेलली आणि काशीरामच्या तळहातावर ठेवली. पाकळी कोमट होती.

"देवाच्या अंगची ऊब आहे ही," जयवंत कानाशी म्हणाला. "जागृत देव. डोळ्यांना लावा."

काशीरामने पाकळी डोळ्यांना लावली आणि त्याच्या अंगावर काटा आला.

दोरीबाहेरच्या टेबलापाशी जयवंतने स्कीम सांगितली. भांडारात ठेवलेल्या रकमेवर दर महिन्याला शेकडा पाच रुपये प्रसाद. मुद्दल देवापाशी सुरक्षित.

"आणि पावती?" काशीरामने जरा चाचरत विचारलं.

"पावती माणसाकडे मागतात, काका. देवाकडे मागणार?" जयवंत दुखावल्यासारखा म्हणाला. "हा घ्या शेंदूर लावलेला नारळ. हा देव्हाऱ्यात ठेवायचा. भांडारात ज्याची ज्याची ठेव आहे त्याच्याकडे असा नारळ आहे. पुढच्या रविवारी रोख घेऊन या. आणि हो, घरात चर्चा करू नका. चर्चेने कौल बाटतो."

पण मरोळच्या दहा बाय बाराच्या खोलीत चर्चा न होणं कौलेश्वरालाही जमलं नसतं. त्याच्या बायकोने, जानकीने, शेंदरी नारळ पाहिला आणि सगळं काढून घेतलं.

"सहा वर्षांत दुप्पट होतात म्हणून सुलक्षणाताईंनी पोस्टाची सर्टिफिकिटं सांगितली, ती नकोत. आणि हा नारळ पाहिजे?"

सुलक्षणा पलीकडच्या चाळीत राहायची आणि पोस्टाच्या बचत योजनांची एजंट होती.

"सुलक्षणाचं काय सांगतेस?" काशीराम उसळला. "तिला त्यात कमिशन मिळतं!"

"आणि तुमच्या बुवाला?"

"तो एक पैसा कमिशन घेत नाही."

"कशाला घेईल? तो सगळेच घेतोय," जानकी म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

पुढचे चार-पाच दिवस काशीरामच्या डोक्यात भुंगा होता. एकीकडे समोरच्या खोलीतला सहदेव. त्याने आठ हजार भांडारात टाकले होते आणि चार महिने दर महिन्याला चारशे रुपये मोजून घेतले होते. नवीन टेरिकॉटचा शर्ट घालून तो नळावर उभा राहायचा आणि म्हणायचा, "एकदम झकास आहे रे! पोस्टात टाकून सहा वर्षं काय उपास करणार?"

दुसरीकडे अंबादास. तो त्याच वसाहतीत वायरमन होता, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत फाटकापाशी काशीरामजवळ डबा उघडायचा. त्याने सगळं ऐकलं आणि भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"सहदेवला महिन्याला चारशे मिळतात. त्याने दिले किती? आठ हजार. म्हणजे वीस महिने त्याचेच पैसे त्याला चमच्याने भरवणार, आणि हा म्हणणार, देव जेवू घालतोय! आणि तेसुद्धा भांडार वीस महिने टिकलं तर!"

"तुमच्यात देव मानत नाहीत, तुला काय कळणार?"

"देव बाजूला ठेव रे. वजाबाकी मानतोस का?"

काशीरामने विषय वजाबाकीवरून पाकळीवर नेला. माणूस हिशेबात हरला की श्रद्धेत शिरतो, तिथे कुणी मागून येत नाही. "पाकळी माझ्या डोळ्यांदेखत पडली, अंबादास. कुणी हात लावला नाही. वारा नाही, पंखा नाही. आणि ती गरम होती, सांगतो तुला! देवाची ऊब."

"गरम होती?" अंबादासने डोळे बारीक केले. काशीरामचा चेहरा बघून त्याने डबा बंद केला.

शुक्रवारी जानकी देव्हारा पुसत होती. नारळाशेजारी कागदात गुंडाळलेली ती पाकळी होती. तिने कागद उलगडला आणि हाक मारली.

"अहो, ही बघा. एका बाजूने भाजल्यासारखी दिसतेय."

"काहीतरी बोलू नकोस."

"मग तुम्हीच बघा."

त्याने पाकळी घेतली. वरची बाजू अजून बरी होती, पांढरट. जी बाजू देवाच्या अंगाला चिकटलेली होती, ती तपकिरी पडून आत वळली होती. काशीरामने सवयीने तिच्यावरून अंगठा फिरवला. चोवीस वर्षं त्याने हेच केलं होतं. सिलिंडरवरून येणाऱ्या सुतावर अंगठा ठेवायचा आणि सांगायचं, वाफ जास्त झाली की कमी. सिलिंडरला टेकलेली बाजू आधी सुकते, वरची बाजू ओली राहते. वाफ जास्त झाली की टेकलेली बाजू करपते आणि सूत वळतं. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येऊन विचारायचा, "काशीराम, काय म्हणतो अंगठा?" खात्यात त्याच्या अंगठ्याला मीटरपेक्षा जास्त मान होता. गिरणी सुटली तेव्हा तो मान कुणी ग्रॅच्युइटीत धरला नाही.

आता अंगठा काय म्हणत होता ते त्याला स्वच्छ कळलं, आणि ऐकून घ्यायची लाज वाटली. तो पाकळी हातात धरून खाटेवर बसला. आपण रांगेत उभे राहिलो, हात जोडले, अंगावर काटा आला, ते सगळं कशापुढे? त्याला बुवाचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तो अंबादासला म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर चकाल्याला चल."

"मी? मला बाटगा म्हणून हाकलतील."

"मी आहे ना. आणि येताना टेस्टर, पक्कड घेऊन ये."

अंबादासने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही.

रविवारी तिघं गेले. जानकीने एकवीस हजार रुपयांची पुरचुंडी पोटाशी बांधली होती, आणि ती देवालासुद्धा दाखवणार नाही असं तिने निघतानाच सांगितलं होतं. सहदेवही रांगेत मागे होताच. आज त्याला आणखी दोन हजार भांडारात टाकायचे होते. ते त्याने बायकोची पाटली मोडून आणले होते.

काशीरामची पाळी आली. जयवंतने हसून जानकीच्या पदराआडून फुगलेल्या पुरचुंडीकडे पाहिलं. "या काका. कौल तर झालाय तुमचा. आता फक्त भरणा."

"एक शेवटचा कौल लावायचाय," काशीराम म्हणाला. "पण मनातला. प्रश्न मी मनात विचारणार."

बुवांचे मिटलेले डोळे उघडले. "मनातलो कित्याक?"

"देवाला मनातलं कळत नाही का, बुवा?"

रांगेतल्या चार बायका म्हणाल्या, कळतं तर, न कळायला काय झालं! आता बुवांना नाही म्हणता येईना. त्यांनी पुरचुंडीकडे एक नजर टाकली आणि निश्चिंत झाले. असल्या माणसाच्या मनात दुसरं काय असणार? पाकळ्या लागल्या, मांडी ठाकठीक झाली, गुडघे हलले, आणि शेड पुन्हा "होय म्हाराजा"ने दुमदुमली. काशीरामने हात जोडले, डोळे मात्र उघडे ठेवले. तीन-साडेतीन मिनिटांनी उजवी पाकळी गळून पडली.

"होय!" जयवंत ओरडला. "देवाने होय म्हटलं!"

"उजवा म्हणजे नक्की होय ना, बुवा?"

"काळ्या दगडावरची रेघ!"

काशीराम लोकांकडे वळला. त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "मी देवाला विचारलं, मागच्या वर्षी परळच्या गिरणीच्या फाटकात काशीराम मेला काय? देव म्हणतो, होय. मेला. आता मेलेल्या माणसाकडून ठेव कशी घेणार, ते बुवांनी सांगावं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. पण धोंडिरामबुवा कच्चे नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"खरां सांगता देव! ह्येचो जुनो जल्म मेलो, म्हाराजा! गिरणीतलो काशीराम मेलो आणि भांडारातलो काशीराम जल्माक इलो!"

"होय म्हाराजा!" लोक ओरडले. काहींनी तर काशीरामलाही नमस्कार केला. अशा लोकांपुढे सूर्य मावळला तरी ते म्हणतील, देवाने डोळा मारला.

मग काशीरामने दोरी ओलांडली.

"सोवळं! सोवळं!" जयवंत किंचाळला. पण तो काशीरामला अडवायला धावलाच नाही, टेबलावरच्या ब्रीफकेसकडे धावला. काशीरामने आपला उजवा तळहात देवाच्या उजव्या खांद्यावर ठेवला, डावा डाव्यावर. दोन श्वास तो तसाच उभा राहिला. मग त्याने जानकीला हाक मारली.

"इकडे ये. दोन्हीकडे हात लाव आणि काय लागतं ते मोठ्याने सांग."

जानकी पुढे झाली. डाव्या खांद्याला बोटं लावली. "हा गार आहे." उजव्याला लावली आणि चटका बसून हात मागे घेतला. "अगो बाय! हा तर भाकरीच्या तव्यासारखा तापलाय!"

"दगडाचा देव एकाच खांद्याला ताप येऊन पडला होय?" काशीराम म्हणाला. "यात दगड नाही. हा पत्रा आहे. पत्र्यामागे काहीतरी तापतंय. मी चोवीस वर्षं गरम सिलिंडरवर ओलं सूत सुकवलंय. ओली वस्तू गरम पत्र्याला लावली की टेकलेली बाजू आधी सुकते. सुकली की सुटते. पाकळी पाण्याने चिकटवलीय, पाणी उडालं की ती पडणारच. देवाने काही सांगितलेलं नाही. पाणी आटलं, एवढंच झालंय!"

बुवा पाटावरून उठायला गेले. अंबादासने तेवढ्यात दोरीखालून शिरून घोंगडी ओढली. खाली पाटाला दोन्ही गुडघ्यांच्या जागी टेबललॅम्पची असतात तशी दाबायची दोन बटणं बसवली होती आणि त्यांच्या वायरी फळ्यांच्या फटीतून आत गेल्या होत्या. आडभिंतीमागे जाऊन त्याने दोन स्क्रू काढले, आणि मूर्तीच्या पाठीचं झाकण निघताच कोनाड्यातून पिवळा लख्ख उजेड बाहेर आला. आतून पत्रा कापून जोडलेला होता. एका तुकड्यावर वनस्पती तुपाच्या डब्यावरचं नारळाचं झाड तसंच शाबूत होतं. दोन्ही खांद्यांच्या आत पत्र्याला टेकवलेले दोनशे वॅटचे दोन बल्ब होते. उजवा पेटलेला.

"या, सगळ्यांनी या, तिकीट नाही!" अंबादास म्हणाला. पुढे येऊन त्याने पाटावरचं डावं बटण दाबलं. डावा बल्ब लागला. पुन्हा दाबलं, विझला. "बघा. होय पाहिजे तर उजवा गुडघा, नको पाहिजे तर डावा. पत्रा तापायला तीन मिनिटं लागतात, म्हणून गाऱ्हाणं लांबवायचं. पाकळी पडेपर्यंत रिझर्व्ह बँक, मालवणचा समुद्र, तोंडाला येईल ते बोलायचं. मग पुढच्या कौलाआधी पत्रा गार व्हायला पाहिजे, म्हणून हा अभिषेक. देव दमत नव्हता, बल्ब तापत होता!"

लोक एकेक करून आले. कुणी हात लावला, कुणी चटका घेतला, कुणी नुसतंच बघत उभं राहिलं. सहदेव सगळ्यात शेवटी आला. त्याने दोन्ही बटणं दोन-दोनदा दाबून पाहिली आणि मग टेबलाकडे धावला. टेबल होतं, जयवंत नव्हता. मागच्या दारातून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज बऱ्याच जणांनी ऐकला होता, पण त्या वेळी सगळे देवाकडे बघत होते. ब्रीफकेस त्याच्याबरोबर गेली. मागे उरली शेंदूर लावलेल्या नारळांची दोन पोती.

धोंडिरामबुवांना लोकांनी धरून चौकीवर नेलं. तिथे त्यांचं मालवणी पहिल्या दरडावणीलाच गळून पडलं. ते पूर्वी नाटकांच्या प्रयोगांना लाईट लावण्याचं काम करायचे, आणि पैसे कुठे आहेत ते फक्त जयवंतला माहीत, असं त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं. दीडशे घरांच्या ठेवी होत्या. हवालदाराने ठेवींचा पुरावा मागितला तेव्हा लोकांनी नारळ पुढे केले.

या सगळ्यावर चाळीने काशीरामचा सत्कार केला असं कुणाला वाटत असेल, तर ते विसरा. संध्याकाळी सहदेव त्याच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"तुझ्यामुळे माझी वाट लागली! चारशे येत होते महिन्याला. तू कशाला शहाणपणा केलास? आणखी काही महिने तरी मिळाले असते!"

"कुणाचे मिळाले असते?" काशीराम म्हणाला. "आज तू जे दोन हजार घेऊन आला होतास, त्यातलेच चारशे तुला पुढच्या महिन्यात मिळाले असते. आणि माझ्या एकवीस हजारांतून दुसऱ्या कुणाला."

सहदेव दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. बायकोची पाटली विकून आलेले दोन हजार अजून त्याच्या खिशात होते. तेवढेच वाचले होते. जानकीने त्याच्यापुढे चहा ठेवला. काशीरामही त्याच्याशेजारी येऊन बसला, कारण मागच्या रविवारी रोख बरोबर असती तर त्या चौकटीत तो स्वतः बसला असता.

गॅलरीत हळूहळू माणसं जमली. म्हाताऱ्या रुक्मिणीकाकी म्हणाल्या, "बुवा लबाड निघाला, म्हणून काय कौल खोटा? आमच्या गावच्या देवळात तर बल्ब नाही, वीजसुद्धा नाही!"

"तिथे पाणी वाऱ्याने सुकतं, काकी," अंबादास म्हणाला. "फरक एवढाच, तिथला पुजारी तुमच्या गाठोड्यावर डोळा ठेवून बसत नाही."

काकींना ते पटलं नाही. त्या नाक मुरडून आत गेल्या. काशीरामने त्यांना अडवलं नाही. लहानपणापासून ज्यावर विश्वास ठेवला, तो एका दुपारी सुटत नाही, आणि तो सुटला असं सोंग त्याला करायचं नव्हतं.

सोमवारी तो आणि जानकी सुलक्षणाकडे गेले. तिच्या समोर बसून त्याने एकामागून एक प्रश्न विचारले. पैसे कुणाकडे जाणार? कागद कुठला मिळणार, त्यावर शिक्का कुणाचा? मधेच लागले तर मिळतील का? मी मेलो तर कुणाला मिळतील? आणि शेवटी, "तुम्हाला यात काय मिळतं?"

सुलक्षणा हसली. तिने सरकारी परिपत्रक काढलं आणि आपल्या कमिशनच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे मिळतं. सरकार देतं, तुमच्यातून कापत नाही. आणि सहा वर्षं पूर्ण ठेवायची तयारी असेल तरच यात टाका. मधे गरज लागेल असं वाटत असेल तर थोडे बँकेत ठेवा. सगळेच माझ्याकडे देऊ नका."

आपल्याकडे सगळे पैसे देऊ नका असं सांगणारा माणूस काशीरामने पहिल्यांदाच पाहिला. पंधरा हजारांची सर्टिफिकिटं त्याने कमलच्या शिक्षणासाठी घेतली, सहा हजार बँकेत टाकले, आणि दोन्हीकडे जानकीचं नाव लावलं.

पुढच्या रविवारी त्याने चाळीच्या गॅलरीत रिकामा पत्र्याचा डबा उलटा मांडला. अंबादासने आत एका बाजूला टेकवून बल्ब लावून दिला. दोन्ही बाजूंना बाहेरून एकेक पाकळी पाण्याने चिकटवली आणि काशीरामने सगळ्यांना घड्याळ बघायला सांगितलं. या वेळी गाऱ्हाणं नव्हतं, नारळ नव्हता, फी नव्हती. बल्बाच्या बाजूची पाकळी चौथ्या मिनिटाला पडली. दुसरी तशीच चिकटून राहिली. सहदेव सगळ्यांच्या पुढे बसून बघत होता.

"म्हणजे आता काय कुणावरच विश्वास ठेवायचा नाही?" त्याने विचारलं.

"ठेव की," काशीराम म्हणाला. "पण आधी हात लावून बघ. भाजी घेताना आपण भेंडी मोडून बघतो, कलिंगड वाजवून बघतो, दहा पैशांसाठी भाजीवालीशी भांडतो. आणि आयुष्यभराची कमाई देताना हात जोडून उभे राहतो! पैसे कुठे जाणार, कागद कुठला मिळणार, परत कधी मिळणार, हे समोरच्याला तोंडावर विचारा. त्याला राग आला, त्याने देव पुढे केला, घरात बोलू नका म्हणाला, तर तिथून उठा आणि घरी या. ज्याला प्रश्न विचारलेले चालत नाहीत, त्याला पैसे द्यायचे नाहीत."